पत्रास कारण की...



आज पत्रांविषयी बोलायचं आहे. आता घरोघरी मोबाइल आलाय, दोन बोटांनी आवाज पाठवला की मुंबईला पोचतो. पण चाळीस-पन्नास वर्षांमागे आपल्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांत अर्धं घर इकडे आणि अर्धं मुंबईला असायचं. पुरुष गिरणीत नाहीतर गोदीत. बाई इकडे भाताच्या खाचरात, सासू-सासरे, पोरं आणि गुरं सांभाळत. ही दोन अर्धी घरं बांधून ठेवायचं काम करायचं एक पोस्टकार्ड, किंवा ते निळं आंतरदेशीय पत्र. नाहीतर मनीऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर लिहिलेल्या दोन ओळी.

त्या पत्राचा साचा तुमच्यापैकी वयस्कर बायकांना अजून तोंडपाठ असेल. वर श्री. मग तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. इकडील सर्व खुशाल आहे, तिकडील खुशाली कळवावी. पत्रास कारण की... आणि मग पाऊस, लावणी, गाय व्याली का, भावकीच्या बांधाचं काय झालं. अगदी शेवटी, घरातील लहानथोरांस यथायोग्य. बायको त्या लहानथोरांत! तिचं नाव पत्रात यायचं नाही. आणि उत्तर पाठवायचं तर लिहायला शाळेतलं पोर नाहीतर गुरुजी, सांगायला सासरा, वाचायला पोस्टमन. ती दाराआड उभी राहून ऐकायची. तिला जे सांगायचं असायचं, ते सासूसमोर, दिरासमोर, शेजारच्या पोराला कसं सांगणार?

म्हणून आज अशा दोन-तीन बायकांच्या पत्रांची गोष्ट सांगते, ज्यांनी पत्रं आपल्या हाताने लिहिली.

पहिली आपल्या जिल्ह्यात राहून गेलेली आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी. सिनेमामुळे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. जन्म ३१ मार्च १८६५, माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, बिजवर, तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा आणि पोस्टात कारकून. हे पोस्टाचं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट टपालानेच घडली आहे. गोपाळरावांची बदली कल्याणहून आपल्या अलिबागला झाली, तिथून कोल्हापूर, भूज, मग थेट बंगालात. ती लहान मुलगी पाटी घेऊन त्यांच्यामागे गावोगाव फिरत होती. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा ध्यास होता. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईमाणसाला दाखवायला बाई डॉक्टर असती तर, हा विचार तिच्या मनात तेव्हापासून घर करून बसला.

१८७८ साली गोपाळरावांनी एक पत्र लिहिलं. वाइल्डर नावाचे एक पाद्री पूर्वी कोल्हापुरात होते आणि आता अमेरिकेत परत जाऊन एक मासिक चालवत होते, त्यांना. माझ्या बायकोला अमेरिकेत शिकायला काही सोय होईल का, मला तिथे नोकरी मिळेल का? वाइल्डरसाहेबांचं उत्तर आलं की ख्रिस्ती व्हा, मग बघू. ते या दोघांना मान्य नव्हतं. तिथे विषय संपायचा. पण वाइल्डरनी तो पत्रव्यवहार मासिकात छापला होता. दोन वर्षांनी न्यू जर्सीतल्या रोझेल नावाच्या गावातली एक बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसली होती. तिने सहज तिथलं मासिक चाळलं आणि हे पत्र वाचलं. बाईचं नाव थिओडिसिया कार्पेंटर. घरी जाऊन तिने या न पाहिलेल्या मुलीला पत्र लिहिलं.

दाताच्या दुखण्यातून एवढं काही निघू शकतं.

त्यानंतर दोघींची पत्रं सुरू झाली. एका पत्राचं उत्तर यायला महिने लागायचे, बोटीने जायची पत्रं. इकडची मुलगी आपल्याकडचे सण, रीतभात, बायकांचं जिणं लिहायची, तिकडची बाई आपलं घर आणि मुली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. इकडे त्यांची तब्येत ढासळत होती, डोकं सतत दुखायचं, मधून ताप, धाप लागायची. हे पत्रातून कळल्यावर मावशीने अमेरिकेहून औषधं पाठवली. म्हणजे बघा, एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही, धर्म वेगळा, भाषा वेगळी, आणि नातं तयार झालं ते सख्ख्या मावशी-भाचीचं. ते नातं कागदावर तयार झालं म्हणून खोटं ठरलं नाही. ७ एप्रिल १८८३ ला अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय, ओळखीच्या अमेरिकन बायकांच्या सोबतीने कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. राहायची सोय मावशीच्या घरी. मग फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला, तोही पत्र लिहूनच. त्या अर्जात त्यांनी कारण सरळ सांगितलं होतं. आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, मला त्यांच्यासाठी शिकायचं आहे.

आता ज्या पत्रासाठी मी आजचा विषय घेतला त्याकडे येते.

गोपाळरावांनी आनंदीबाईंना कसं शिकवलं ते आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून नवऱ्याने मारलं, असा खमका नवरा होता म्हणून डॉक्टर झाली! बायकाही हे हसत सांगतात. कीर्तनात दृष्टान्त द्यावा तसं. पण ज्या मुलीला तो मार बसला तिला काय वाटलं, हे कुणी विचारलं का? विचारायची गरजच नाही, कारण तिने ते लिहून ठेवलं आहे.

अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी हा हिशोब मांडला. तुम्ही मला वागवलंत ते चांगलं की वाईट हे सांगणं कठीण आहे, दोन्हीही होतं, असं त्या म्हणतात. शेवट काय साधायचा होता ते पाहिलं तर ते बरोबर दिसतं. पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम होईल ते पाहिलं तर चूकच म्हणायला हवं. आणि मग त्या एक एक गोष्ट वयासकट मोजतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं आणि टाकून जाईन असा धाक घालणं, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. त्या त्या वयाच्या शरीराला आणि मनाला हे झेपणारं नव्हतं. त्या वयात मी घर सोडून गेले असते तर माझं काय झालं असतं, असंही विचारतात. वडिलांच्या नावाला बट्टा लागेल म्हणून गेले नाही, सोसलं. आपल्याकडे नवरा-बायकोच्या मध्ये कायदा उभा राहत नाही, आणि राहिलाच तर तो बायकोच्या विरुद्ध, हेही त्यात आहे.

हे लिहिलं तेव्हा त्यांची विशीसुद्धा सरायची होती. घरातल्या हिंसाचारापासून बाईला संरक्षण देणारा आपला कायदा आला २००५ साली. मध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली.

मला या पत्रात सगळ्यात मोठी वाटते ती त्यांची तोलायची रीत. उपकार विसरलेल्या नाहीत. नवऱ्याशिवाय इथवर पोचले नसते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण उपकार एका पारड्यात आणि मार दुसऱ्या पारड्यात असं त्यांनी दोन्ही ठेवलं, एकाने दुसरं पुसून टाकलं नाही. आपल्या गटात कितीदा ऐकतो, मारतो पण कमावून आणतो ना? त्या दोन गोष्टी एकाच वाक्यात बसवायची आपल्याला सवय झाली आहे. आनंदीबाईंनी त्यांची दोन वाक्यं केली.

आणि दुसरं असं की हे त्या समोरासमोर बोलू शकल्या असत्या का? मला नाही वाटत. मध्ये समुद्र होता. मधलं अंतर आणि हातातला टाक, दोन्ही मिळाली तेव्हा दहाव्या वर्षीचा मार बोलता झाला. हे पत्र ज्यांना लिहिलं त्यांनीही ते फाडून टाकलं नाही, याचं मात्र श्रेय गोपाळरावांना द्यायला हवं.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी क्षयाने पोखरलेलं शरीर घेऊन त्या परत आल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नेमणूक ठरलेली होती, ती हाती घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी मावशीकडे पाठवल्या आणि कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, त्यांना जागा मिळाली. पत्रातली भाची शेवटी मावशीच्या माणसांत विसावली.

ज्या फिलाडेल्फियातून आनंदीबाई पत्रं पाठवत होत्या, त्याच शहरात त्यांच्याआधी शंभर वर्षं एक नवरा आपल्या बायकोच्या पत्रांची वाट बघत बसायचा. ती गोष्टही सांगण्यासारखी आहे. तेव्हा अमेरिका इंग्रजांच्या राज्यातून सुटायला धडपडत होती. आपल्याकडे त्या सुमारास नाना फडणीसांचा कारभार चालू होता. जॉन अ‍ॅडम्स नावाचा वकील देशकार्यासाठी फिलाडेल्फियाला, आणि त्याची बायको अबिगेल चार पोरं घेऊन दूर मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेनट्री गावी, शेतावर. चाकरमान्याची बायकोच म्हणा ना. गडी मिळत नाहीत, मीठ-मिरची महागली आहे, लढाईच्या तोफा ऐकू येतात, गावात हगवणीची साथ येऊन तिची आई गेली, देवीच्या भीतीने पोरांना टोचून घ्यायचं आहे, हे सगळं ती एकटी निभावत होती आणि रात्री नवऱ्याला लिहीत होती. ती शाळेत कधी गेली नव्हती. या दोघा नवरा-बायकोची अकराशेहून जास्त पत्रं आज जपलेली आहेत. पुढे जॉन अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला.

३१ मार्च १७७६ ला, म्हणजे योगायोगाने आनंदीबाईंच्याच जन्मतारखेला, अबिगेलने नवऱ्याला लिहिलं की तुम्ही आता नवीन कायदे करणार आहात, तर बायकांची आठवण ठेवा. नवऱ्यांच्या हातात बेलगाम सत्ता देऊ नका, संधी मिळाली तर सगळे पुरुष जुलमी होतात. जॉन शहाणा माणूस, बायकोवर जीव असलेला. पण या मागणीवर त्याचं उत्तर आलं ते असं, की मला हसूच आलं. अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० साली.

पण तिचं मला आवडतं पत्र वेगळंच आहे, १७७७ च्या जुलै महिन्यातलं. साखर-कॉफीचा तुटवडा होता आणि व्यापारी माल दाबून बसले होते. बोस्टनमध्ये एक मोठा पैसेवाला, चिक्कू, बिनलग्नाचा व्यापारी होता. गोदामात कॉफी भरलेली, पण सहा शिलिंग पाउंडाच्या खाली द्यायला तयार नाही. शंभरावर बायका हातगाड्या घेऊन त्याच्या गोदामावर गेल्या. किल्ल्या मागितल्या. तो देईना. एकीने त्याची मानगूट धरली आणि त्याला हातगाडीत टाकला. मग किल्ल्या निघाल्या! बायकांनी गाडी उलटी केली, गोदाम उघडलं, कॉफी आपल्या हाताने बाहेर काढली, गाड्यांत भरली आणि निघून गेल्या. पुरुषांचा मोठा जमाव बाजूला उभा राहून नुसता बघत होता.

हे युद्धाच्या इतिहासात कोण लिहितं? तिथे सेनापती असतात. अबिगेलने नवऱ्याला बाजारभाव कळवता कळवता लिहिलं म्हणून आपल्याला ठाऊक. त्याच महिन्यात तिला मेलेली मुलगी जन्मली होती. कळा यायला लागल्यावरही ती नवऱ्याला पत्र लिहीत बसली होती. आपलं शुद्धलेखन वाईट, अक्षर वाईट, पत्रं जाळून टाका, असं ती नवऱ्याला सांगायची. त्याने जाळली नाहीत. १८४० साली तिच्या नातवाने ती छापली.

आपल्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी जोतिबांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. दोन नायगावची, १८५६ आणि १८६८ ची, आणि एक जुन्नरजवळच्या ओतूरचं, १८७७ च्या दुष्काळातलं. त्यातल्या पहिल्याबद्दलच थोडं सांगते, कारण ते माहेरचं पत्र आहे. आजारी पडून सावित्रीबाई माहेरी आल्या होत्या. भाऊ सेवा करत होता, पण महार-मांगांना शिकवता म्हणून तुम्हा नवरा-बायकोला वाळीत टाकलं ते योग्यच, असंही ऐकवत होता. त्यांनी भावाला काय उत्तर दिलं ते नवऱ्याला कळवलं आहे. तू गाई-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि आपल्यासारख्याच माणसांना शिवून घेत नाहीस? पत्राची तारीख १० ऑक्टोबर १८५६. त्यानंतर सत्तर वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, आपल्या महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेऊन हाच प्रश्न साऱ्या देशाला विचारला. बहीण-भावाच्या घरगुती वादात तो आधीच विचारून झाला होता.

आनंदीबाईंची पत्रं आपल्यापर्यंत आली ती आणखी एका बाईमुळे. काशीबाई कानिटकर. त्यांचंही लग्न लहानपणी झालं, अक्षरओळखसुद्धा लग्नानंतरची, ती घरच्यांची बोलणी खात चोरून-मारून मिळवलेली. आनंदीबाई गेल्यावर दोन वर्षांत काशीबाईंनी त्यांचं चरित्र लिहिलं आणि त्यात त्यांची पत्रं छापली. पुस्तकाच्या नावातच चरित्र व पत्रें असे दोन शब्द आहेत. चरित्र लिहिणारा आपल्या पसंतीचं लिहितो. पत्र असलं की मेलेल्या माणसालाही मध्येच बोलता येतं.

तर आपल्या आज्यांची पत्रं कुठे आहेत? पूर्वी ओटीवर एक आकडा वळवलेली तार टांगलेली असायची, आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत टोचायचं. मरणाचं पत्र तेवढं फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. घर बांधायला काढलं की ती तार कुठे गेली कुणी बघत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड शहरात घरंच्या घरं पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळीयेत आणि पोलादपूरकडे दरडी कोसळल्या, तिथे माणसंच गेली, तिथल्या कागदांविषयी बोलायला जीभ रेटत नाही. पण जिथे घरं आणि माणसं वाचली तिथे ट्रंका चिखलाने भरल्या होत्या, आणि चिखलाचे कागद म्हणून बरंच काही उकिरड्यावर गेलं.

उरलं असेल ते बघा. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, मनीऑर्डरी थांबल्या आणि पुरुष गावाला परत आले, त्या वेळची पत्रं कुणाकडे असतील तर ती फार मोलाची आहेत. संपाविषयी पुस्तकं झाली, पुढाऱ्यांविषयी झाली. पण मनीऑर्डर न आलेल्या महिन्यात इकडे चूल कशी पेटली, दागिना कोणता मोडला, कुणाच्या शेतावर मजुरीला गेलात, हे त्या दोन ओळींत सापडेल, नाहीतर त्या बायांच्या तोंडूनच. त्या आता साठी-सत्तरीत आहेत. गटातल्या ज्या मुलींना लिहिता येतं त्यांनी आपल्या आजीला एक पत्र सांगायला लावा, तेव्हा जे पाठवता आलं नाही ते. सासू आता तिथे नसेल.

जुनी पत्रं सापडली तर ती आधी तारेतून, गंजलेल्या टाचणीतून सोडवा, गंज कागद खातो. ओली असतील तर कडक उन्हात टाकू नका, सावलीत, वाऱ्यावर, दोन पत्रांच्या मध्ये कोरा कागद घालून वाळवा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मग पुरापासून उंच जागी, कोरड्या डब्यात. आणि प्रत्येक पत्राबरोबर एक वेगळी चिठ्ठी ठेवा, त्यावर लिहा की हे कुणाचं, कुणाला. सही आजोबांची असली तरी अक्षर कुणाचं आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या. तारीख पुसली असेल तर तिकिटावरचा पोस्टाचा गोल शिक्का उजेडात तिरका धरून बघा, गावाचं नाव आणि साल बहुतेक वेळा तिथे वाचता येतं.